‘इंट’ किती मोठा? : सी भाषेतील पूर्णांकांचे माप

गणितातल्या पूर्णांकाला अंत नाही. कितीही मोठी संख्या घ्या, तिच्यात आणखी एक मिळवता येतो. संगणकातला पूर्णांक मात्र ठरावीक घरांत राहतो. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. या घराला बिट म्हणतात. घरे सोळा असतील आणि ऋण संख्याही लिहायच्या असतील, तर मजल ३२,७६७ पर्यंतच जाते. बत्तीस घरांत ती २,१४,७४,८३,६४७ पर्यंत पोचते.

सी भाषेत पूर्णांकाच्या मूळ प्रकाराला ‘इंट’ म्हणतात. तो किती घरांचा, याचे एकच उत्तर या भाषेने कधीच दिले नाही, आणि ते जाणूनबुजून. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये सी घडवली, ती पीडीपी-११ या यंत्रावर. तिथे इंट १६ बिटांचा होता. पुढे हनीवेल ६०००वर तोच ३६ बिटांचा झाला, इंटरडेटा ८/३२वर ३२ बिटांचा. यंत्राला जो आकार सहज पेलेल तोच इंटचा आकार, असे हे धोरण. त्यामुळे आकडेमोड वेगाने होई. आपल्याकडे पूर्वी शेराचे माप मुलखागणिक बदलत असे, नाव मात्र एकच. तसेच हे.

१९८९च्या अमेरिकी प्रमाणकाने फक्त किमान मर्यादा घातल्या : ‘शॉर्ट’ आणि ‘इंट’ किमान १६ बिट, ‘लाँग’ किमान ३२. १९९९मध्ये ‘लाँग लाँग’ आला, किमान ६४ बिटांचा. कमाल मर्यादा कुठेच नाही. म्हणून आजही ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ३२चाच. एकीकडे अचूक येणारी बेरीज दुसरीकडे मापाबाहेर जाऊ शकते. आणि चिन्हयुक्त पूर्णांक मापाबाहेर गेल्यावर काय घडेल, याची हमी भाषा देत नाही.

याचा सर्वांत व्यापक परिणाम घड्याळावर आहे. युनिक्स परंपरेतले संगणक १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजतात. ही मोजणी अनेक वर्षे ३२ बिटांत ठेवली गेली. ते माप १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला अशा बहुतेक यंत्रांत संख्या ऋण होईल आणि तारीख १९०१च्या डिसेंबरात जाईल. व्याज, मुदत, परवाना, कुलूप : जे जे तारखेवर चालते ते ते चुकेल.

उपाय ठाऊक आहे. वेळ ६४ बिटांत ठेवली, की सुमारे २९२ अब्ज वर्षांची सोय होते. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ही तरतूद २०२०पर्यंत झाली. १९९९च्या प्रमाणकाने आकार नावातच सांगणारे प्रकारही दिले. ‘इंट३२_टी’ म्हटले की तो ३२ बिटांचाच. प्रश्न उरतो तो जुन्या साठ्याचा : चार बाइटांच्या रकान्यांत तारखा लिहिलेल्या फाइली आणि यंत्रांच्या पोटात बसवलेले, वर्षानुवर्षे कुणी न उघडलेले छोटे संगणक. माप बदलले, तरी जुन्या मापाने भरलेले प्रत्येक पोते शोधून पुन्हा मोजावे लागते. आणि त्यासाठीची मुदत सेकंदापर्यंत ठरलेली आहे.