लातूर राजधानी होते काय?

राष्ट्रकूटांचा विषय निघाला, की लातूर ही त्या साम्राज्याची राजधानी होती, हे विधान नांदेड-लातूरकडे हटकून कानी पडते. त्याला आधार म्हणून ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद पुढे केले जाते. नवव्या शतकातील अमोघवर्षाच्या शिलालेखांत ते खरोखरच आढळते, आणि त्यातील लट्टलूर म्हणजे आपले लातूर, हे डॉ. अ. स. आळतेकरांसारख्या साक्षेपी इतिहासकारानेही मान्य केले आहे. परंतु असले बिरुद घराण्याचे मूळ स्थान सांगते, गादी कोठे आहे हे सांगत नाही. एरवी सौंदत्तीचे रट्ट, जे बेळगावाकडील निव्वळ मांडलिक होते, तेही साम्राज्य लयास गेल्यावर हेच बिरुद पिढ्यान्‌पिढ्या मिरवते ना! राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील कागिणा नदीकाठचे मळखेड. आणि वर्ध्याकडील देवळीचा इ. स. ९४० चा ताम्रपट ते नगर वसविण्याचे श्रेय अमोघवर्षालाच देतो.

नांदेडकडील कंधारच्या किल्ल्याबाबत घोटाळा निराळा आहे. हा किल्ला मूळचा राष्ट्रकूटकालीन मानतात आणि तेथील अजस्र क्षेत्रपालमूर्तीचे अवशेष त्या काळाची साक्षही देतात; मात्र आज दिसणारा प्रत्येक बुरूज राष्ट्रकूटांचाच, असे जे मानले जाते, त्याला त्या किल्ल्यातलेच फारसी शिलालेख आडवे येतात, कारण ते पुढील सुलतानी व मोगल अमदानींचे आहेत.

अमोघवर्षाचा दरबार केवळ जैनांचा होता, हीही अशीच समजूत. जिनसेन त्याचा गुरू, ‘गणितसारसंग्रह’कार महावीराचार्य त्याच्या आश्रयास, ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ त्याच्याच दरबारातला, हे सर्व खरे. पण प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केले, असे त्याच्याच हयातीतला, इ. स. ८७१ चा, संजाणचा ताम्रपट सांगतो.

परदेशीयांना आणि परधर्मीयांना तेथे थारा नव्हता, हे म्हणणे तर पुराव्यापुढे क्षणभरही टिकत नाही. सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या इ. स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात ‘बल्हरा’ची, म्हणजे राष्ट्रकूट वल्लभराजाची, गणना बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या पंक्तीस केली आहे. इकडे दुसऱ्या कृष्णाने संजाण मंडलाचा सगळा कारभार मधुमती नामक ताजिकाकडे, म्हणजे महंमद नावाच्या अरबाकडे, सोपविला होता. आणि याच सुभेदाराने तिसऱ्या इंद्राच्या अनुमतीने भगवतीच्या मठाला गाव इनाम दिले, ते चिंचणीच्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात नमूद आहे.