टायर जाळणं फुकटात पडत नाही

"जुना टायर फुकट मिळतो, जाळला की विषय संपला. याहून स्वस्त काय असणार?" कोऱ्हाळे बुद्रुकपासून इंदापूरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात हे इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकवत नाही. गळीत हंगामात सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती या कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग लागते. टायर झिजणारच. मग ते शेकोटीत जातात, रास्ता रोकोत जातात, एखाद्या गुऱ्हाळात चिपाडाबरोबर चुलाणातही ढकलले जातात.

टायरला आच भरपूर, हे खरं. किलोमागे दगडी कोळशाइतकी, चिपाडाच्या जवळपास दुप्पट. पण टायर म्हणजे नुसतं रबर नाही. त्यात कार्बन ब्लॅक, तेल, गंधक, जस्त आणि पोलादी तारही असते. तो अर्धवट जळतो तेव्हा सल्फर डायऑक्साइड, बेंझीन आणि कर्करोगाला कारण ठरणारी इतर रसायनं हवेत जातात. शंका असेल त्यानं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 1997चा अहवाल पाहावा. जनुकांत बिघाड घडवण्याची ताकद मोजली, तर उघड्यावर जळणाऱ्या टायरचा धूर घरातल्या लाकडाच्या धुरापेक्षा 16 पट घातक, असं त्यात नोंदवलंय. म्हणजे जळण वाचतं एकाचं आणि दम्याच्या पंपाचे पैसे भरतं वाऱ्याच्या तोंडाशी असलेलं घर. हा खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही, म्हणून टायर जाळणं स्वस्त दिसतं.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "मग सिमेंट कारखान्यांनी जाळलेले कसे चालतात?" अहो, त्या भट्टीत क्लिंकर (दळून सिमेंट होतं तो खडा) तयार होतो 1450 अंश सेल्सिअसला. गंधक चुन्यात बांधलं जातं, तारेचं लोखंड क्लिंकरमध्येच जिरतं, वेगळी राख उरत नाही आणि धूळ पकडायला यंत्रणा असते. चुलाणाला यातलं काय आहे? तिथे काहील उघडी, धुराचं तोंड जवळ आणि गुळव्या दिवसभर तिथेच उभा. या दोन गोष्टी एका मापानं मोजणं मला मान्य नाही.

शिवाय भट्टी हा काही पहिला पर्याय नव्हे. केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, धड असेल तर वर नवा रबराचा थर चढवून तो रिमोल्ड करावा. ट्रकचा नवा टायर बनवायला सुमारे 83 लिटर खनिज तेल लागतं, रिमोल्डला 26च्या आसपास. ते जमत नसेल तर तार काढून रबराचा चुरा करता येतो. तो डांबरात मिसळून रस्ते होतात. अशा सुधारित डांबरासाठी 2004पासून भारतीय मानक आहे. खरी अडचण वाहतुकीची, कारण अख्ख्या टायरांनी ट्रक भरला तर त्यात निम्म्याहून जास्त हवाच जाते. तुकडे जवळच झाले तरच हिशेब जमतो.

"टायरपासून तेल काढणं म्हणजे पर्यावरणपूरक धंदा" हेही सरसकट खरं नाही. जानेवारी 2025मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट झाला. दोन महिला आणि दोन मुलं दगावली. तेल काढण्यासाठी टाकाऊ टायर आयात करायला केंद्रानं 2022मध्येच बंदी घातली आहे.

"पुरला की संपला": टायर कुजत नाही, आणि आत हवा अडकून राहिल्यानं कचऱ्याच्या थरातून पुन्हा वर येतो. युरोपीय संघानं अख्खे टायर पुरणं 2003पासून बंद केलं.

"छपरावर ठेवला तर काय बिघडतं?": त्याच्या आतल्या कडेत साचलेलं ओंजळभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका, आतून घासा.

"जाळला म्हणून कोण विचारतंय?": राष्ट्रीय हरित लवादाच्या 22 डिसेंबर 2016च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास 5 हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार रुपये भरावे लागतात.

"विल्हेवाटीचा खर्च गावानं कुठून करायचा?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. जुलै 2022च्या केंद्रीय नियमांनी ती जबाबदारी टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्यांकडून त्यांना तेवढी प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. ग्रामपंचायतीनं पावसाचं पाणी शिरणार नाही अशी एक पत्र्याची शेड उभी करावी, गाडीभर टायर जमले की अशाच नोंदणीकृत कारखान्याला वजनावर द्यावेत आणि पावती दप्तरी लावावी.