सिल्वासाचा खटला आणि छागला

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. सुधीर फडके त्या लढ्यात होते, म्हणून आम्हां गाणे शिकविणाऱ्यांस त्या गावाचे अगत्य अंमळ अधिक. पुढे पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा भारताने न्यायासनावर पाठविले ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती महमदअली करीम छागला यांस. तरुणपणी ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक होते.

दाव्यात निघाली ती आपल्याच घरची दप्तरे! १७७९ चा पेशव्यांचा तह आणि मागाहूनच्या सनदा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मानले की, मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे गावांचा वसूल, राज्य नव्हे. पण इंग्रजांनी पुढे पोर्तुगालची सत्ता मानली होती, म्हणून प्रवाशांना व मालाला वाटेचा हक्क होता, फौजेला नव्हता. आणि भारताने कर्तव्य मोडले नाही, असेही ठरले. छागलांनी आपले वेगळे मतपत्र जोडले.

निकालाच्या वेळी ते अमेरिकेत राजदूत होते. न्यायमूर्तीने सरकारी पद घ्यावे हे अनेकांना रुचले नाही. मलाही रुचत नाही. मग राज्यसभा, मंत्रिपद. १९६७ साली मात्र भाषेच्या धोरणावरून परराष्ट्रमंत्रिपद सोडून, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुन्हा वकिलीचा झगा चढविला. दरबारचा मानकरी पुन्हा तंबोरा जुळवीत बसावा, तसे. आणीबाणीत, १९७५ साली, ते सरकारविरुद्ध उघड बोलले.