पोप आणि छायाचित्रकार

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. रोमच्या पोपांची तीन छायाचित्रे आपल्यापुढे ठेवून ह्या समजुतीची थोडी परीक्षा करू.

पहिले चित्र १९४३ मधले. रोमवर बॉम्ब पडले आहेत आणि बारावे पायस गर्दीच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे आहेत. ह्याखाली 'सान लोरेन्झो, १९ जुलै' असा मजकूर वर्षानुवर्षे छापला गेला. पायस त्या दिवशी तेथे गेले होते, हे खरे; पण हे चित्र १३ ऑगस्टचे, सान जोव्हान्नी भागातले! चित्र खोटे नव्हते. चूक खालच्या ओळीची होती.

पुढची दोन चित्रे आर्तुरो मारी ह्यांची. व्हॅटिकनच्या दैनिकाचे छायाचित्रकार म्हणून १९५६ ते २००७ ह्या काळात त्यांनी सहा पोप कॅमेऱ्यात टिपले. १३ मे १९८१ रोजी दुसरे जॉन पॉल ह्यांच्यावर अली आग्जा ह्या तुर्काने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपांनी त्याला क्षमा जाहीर केली आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी ते तुरुंगात त्याला भेटले. कोठडीत दोन खुर्च्या, एकमेकांकडे झुकलेली दोन माणसे. क्षमेच्या भेटीला कॅमेरा कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. परंतु जगाने भेट पाहिली, ती खाजगी कुजबूज मात्र पोपांनी उघड केली नाही.

तिसरे चित्र २५ मार्च २००५ च्या गुड फ्रायडेचे. गळ्यावर शस्त्रक्रिया झालेली, वाचा जवळजवळ गेलेली. कोलोसियमपाशी चाललेली प्रार्थना पोप आपल्या खाजगी प्रार्थनागृहात दूरचित्रवाणीवर पाहत आहेत. हाती क्रूस आहे आणि ते आपल्याला दिसतात पाठमोरे. आठ दिवसांनी, २ एप्रिलला, त्यांचे निधन झाले. आजार लपविला नाही, पण वेदनेने पिळवटलेला चेहराही बाजारात मांडला नाही.

लोकांत वावरणाऱ्या माणसाचे दर्शन घेण्याचा लोकांना हक्क आहे. त्याच्या अंतःकरणात डोकावण्याचा नाही. ही सीमा ज्याला कळली, तो खरा छायाचित्रकार. आणि आपण पाहणाऱ्यांनी? चित्र डोळ्यांत भरले की आधी विचारावे: हे कधीचे, कोठले, आणि ह्यात काय दिसत नाही?