योग आणि क्षेम : आयुर्विम्याची निवड



भाषेच्या मास्तराने विम्यावर बोलावे याचे नवल वाटेल. पण शब्दानेच मला या विषयाकडे आणले. ‘विमा’ हा फारसी ‘बीम’ म्हणजे भीती या शब्दापासून आलेला. पोर्तुगीजांच्या ‘सेगुरु’चा मूळ अर्थ सुरक्षित. एका भाषेने भयाकडे पाहिले, दुसरीने अभयाकडे.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबरला महामंडळ स्थापन झाले. गोवा तेव्हा पारतंत्र्यात होता. महामंडळाच्या मुंबईतील मुख्यालयाचे नाव ‘योगक्षेम’. भाष्यकार सांगतात : अप्राप्ताची प्राप्ती तो योग, प्राप्ताचे रक्षण तो क्षेम. आपल्यापुढील निवड या दोन शब्दांत मावते.

मुदतीचा विमा, ज्याला तरुण मंडळी ‘टर्म’ म्हणतात, तो निव्वळ क्षेम होय. ठरलेल्या मुदतीत विमेदार निवर्तला तर वारसांना रक्कम मिळते. तो हयात राहिला तर काहीच नाही. एन्डोमेंट किंवा आजीवन पॉलिसीत क्षेमाला योगाची, म्हणजे बचतीची, जोड असते. म्हणून हप्ता जड. तिशीतल्या निरोगी माणसाने वर्षाला दहा हजारांच्या आसपास भरले, तर मुदतीच्या विम्यात पन्नास लाखांचे छत्र लाभू शकते. वीस वर्षांच्या एन्डोमेंटमध्ये ते जेमतेम दोन लाखांचे. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ या एका वाक्याने आपण बिचकतो. घराला आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता कोणी परत मागतो काय?

डिचोलीचा माझा एक विद्यार्थी खनिजाचा ट्रक चालवी. बँकेच्या कर्जावर घेतलेला. त्याच्या तीन पॉलिसी होत्या, सगळ्या बचतीच्या. छत्र एकूण चार लाखांचे, कर्ज त्याहून अधिक. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. जड हप्ते आधी थकले. सर्वांत नव्या पॉलिसीचे दोनच हप्ते भरलेले. तेव्हाच्या नियमाने तीन वर्षे पुरी झाली नव्हती, म्हणून एक पैसाही परत आला नाही. (ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असल्यास, वर्ष सरल्यावर काही रक्कम मिळू शकते, तीही भरल्यापेक्षा कमीच.) ज्या काळात घराला छत्राची सर्वाधिक गरज होती, त्याच काळात ते मिटले. हलका हप्ता कदाचित तगला असता.

आजीवन विमा सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या घरात जन्मभर सांभाळावे लागणारे अपंग मूल आहे, तेथे पालकाची जबाबदारी साठाव्या वर्षी संपत नाही. मग छत्राला मुदत का असावी? हाती आलेला पैसा ज्याच्याकडे टिकतच नाही, त्याला सक्तीची बचतही उपकारक ठरते. मीही दर मार्चमध्ये कर वाचवण्याच्या घाईत अशाच पॉलिसी घेतल्या, हे कबूल करतो. मुदतीच्या विम्याची चौकशी केली तेव्हा वय आडवे आले.

त्या विद्यार्थ्याची मुलगी आता पेडण्यात, मोपाच्या विमानतळावर नोकरीस आहे. कोणती पॉलिसी घेऊ, असे विचारायला ती परवा आली. मी तिला उलट विचारले, “बाय, तुझ्या पगारावर घरात कितीजण जेवतात?” ती बोटे मोजू लागली.