तेलावर चालणारा घरगुती बॉयलर : मांडणी व निगा

थंड मुलखांत घर उबदार ठेवणें ही चैनीची बाब नसून जीविताची गरज आहे. ब्रिटन व आयर्लंड येथील खेड्यांत, जेथें ग्यासचे नळ पोंचलेले नाहींत, तेथें पुष्कळ शेतकरी हें काम तेलाच्या बॉयलरकडून करून घेतात. आपल्या न्हाणीघरांतील तांब्याचा बंब वाचकांच्या परिचयाचा आहेच. मध्यें विस्तव, भोंवतीं पाणी व वर धुराडें ही त्याची रचना. बॉयलरची जातही तीच. फरक मुख्यत्वें इतकाच कीं, बंबांत कोणास तरी लांकूड सारावें लागतें, आणि बॉयलर आपणहून पेटतो व आपणहून विझतो. त्यामुळें मालकास त्याचा विसर पडतो, आणि बहुतेक नुकसान ह्या विसरांतूनच होतें. आपल्या हवेंत अशा बॉयलरची जरूरी नसली, तरी मळ्यावर डिझेल साठविणाऱ्या व घरांत विस्तव बाळगणाऱ्या प्रत्येकानें ह्यांतील नियम समजून घेण्यासारखे आहेत.

यंत्राची क्रिया. तिकडे घरगुती बॉयलरांत बहुधा रॉकेल जाळतात. लहानसा पंप तेलावर दाब देऊन तें बारीक छिद्राच्या नोझलमधून तुषाररूपानें सोडतो. पंखा हवा पुरवितो व विजेची ठिणगी ज्योत पेटविते. ज्योतीवर पहारा करण्यास प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. कांहीं सेकंदांत ज्योत न दिसल्यास तेल बंद होऊन यंत्र अडून राहतें. अशा वेळीं पुन्हा चालू करण्याचें बटण वारंवार दाबूं नये. न जळलेलें तेल भट्टींत सांचतें व मग एकदम भडका उडतो. एकदां दाबून न पेटल्यास कारागीर बोलवावा हें उत्तम.

टांकीची जागा. इंग्लंडांतील नियमांप्रमाणें तेलाची टांकी घरापासून १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट दूर असावी. तितकी जागा नसल्यास मध्यें अग्निरोधक आडोसा घालावा लागतो. तेलाची नळी घरांत शिरण्यापूर्वीं बाहेरच एक झडप बसवितात. बॉयलरपाशीं आग लागून उष्णता वाढली कीं ती तेल आपोआप तोडते. टांकी २५०० लिटरांहून मोठी असेल, अथवा पिण्याच्या पाण्याची विहीर वा झरा ५० मीटरांच्या आंत असेल, तर टांकीस बाहेरून दुसरें कवच लागतें, व त्यांत टांकीच्या ११० टक्के तेल मावलें पाहिजे. ह्या नियमाचें कारण उघड आहे. जमिनींत मुरलेलें तेल सहजीं काढतां येत नाहीं, आणि थोड्या तेलानेंही पुष्कळ पाण्यास वास व चव येऊन तें पिण्यास निरुपयोगी होतें. विहिरीच्या कांठींच एंजिन व डिझेलचें पिंप ठेवणाऱ्या आपल्या बागाइतदारांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी.

तेलाची निगा. अर्धवट रिकाम्या टांकींत हवेंतील दमटपणा थंडीनें गोठून पाण्याचे थेंब जमतात. पाणी तेलाहून जड असल्यानें तळाशीं बसतें. तेथें गंज व गाळ होतो, आणि कडक थंडींत बर्फ होऊन नळी तुंबते. म्हणून हिवाळ्यापूर्वीं टांकी भरून घ्यावी, तळचें पाणी काढून टाकावें व गाळणी साफ करावी. डिझेलच्या टांकीसही हा नियम लागू आहे.

ज्योत व हवा. हवा कमी पडल्यास तेल पुरतें जळत नाहीं. काजळी धरते, उष्णता पाण्याकडे न जातां धुराड्यावाटे निघून जाते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. म्हणून निजलेल्या माणसास तो नकळत मारतो. हवेचीं भोंकें थंडीच्या भीतीनें कधींही बुजवूं नयेत, धुराडें मोकळें ठेवावें व वायूची सूचना देणारें यंत्र घरांत लावावें. वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून काजळी काढवून, नोझल बदलवून, धूर यंत्रानें तपासून घ्यावा. तिकडे १९९१ सालीं स्थापन झालेल्या 'ऑफ्टेक' संस्थेच्या यादींत अशा कारागिरांचीं नांवें मिळतात. आपल्याकडे बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें ह्याच कारणानें घातक आहे.

पाण्याची बाजू. तापलेलें पाणी फुगतें. त्या वाढीस जागा देणारें भांडें व सुमारें ३ बार दाबावर उघडणारी सुरक्षा झडप बंदिस्त मांडणींत असलीच पाहिजे. थंड असतां दाब साधारण १ ते १.५ बार असावा. तो वारंवार उतरत असेल तर कोठें तरी गळती आहे असें समजावें. नुसतें नवें पाणी भरीत राहिल्यास त्याबरोबर नवा प्राणवायु आंत जाऊन लोखंड गंजतें.

विकत घेण्यापूर्वीं. जरुरीहून मोठा बॉयलर घेऊं नये. तो सारखा पेटतो-विझतो व तेल खातो. त्याआधीं छप्पर व खिडक्यांतून जाणारी उष्णता अडविणें अधिक फायद्याचें. शिवाय नॉर्वेनें २०२० सालापासून घरें तापविण्यास खनिज तेल जाळणें बंद केलें आहे, व इतरत्रही विजेवर चालणारे उष्णतापंप पुढें येत आहेत. सबब नवा खर्च करणारानें दूरवर पाहावें.

सारांश, टांकी, ज्योत व पाणी ह्या तिन्हींकडे आठवड्यांतून एकदां नजर टाकण्यास पांच मिनिटें पुरतात. यंत्र आपणहून चालतें, पण त्याची राखण आपणहून होत नाहीं.