बोट दाखवण्याचं वय

उसाचा हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूसच्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात. दारात आईच्या कडेवर असलेलं सव्वा वर्षाचं मूल आवाज ऐकून वळतं, ट्रॅक्टरकडे बोट करतं आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघतं. तुलाही दिसलं ना, एवढंच त्याला विचारायचं असतं. बोलता येत नसूनही ते बोलत असतं. बालविकासाचे तज्ज्ञ या साध्या गोष्टीला फार महत्त्व देतात, कारण स्वमग्नता म्हणजे ऑटिझमच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी एक इथंच सापडते. स्वमग्न मूल अनेकदा असं बोट दाखवत नाही. बिस्किटाचा डबा हवा असेल तर ते आईचं मनगट धरून तिला फळीपाशी नेतं, तिचा हात डब्यावर ठेवतं. तिच्या चेहऱ्याकडे मात्र बघत नाही.

घरच्यांना हे दिसत असतं, पण त्याचा अर्थ लागत नाही. मूल अंगानं चांगलं असतं, वेळेवर चालायला लागलेलं असतं, आजारी तर अजिबात वाटत नाही. मग आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. शेजारची काकू म्हणते, मुलगे हळूहळूच बोलतात, काळजी करू नको. सगळेच मायेनं धीर देत असतात, आणि त्या धीरापायी दीड वर्षाचं मूल बघता बघता चार वर्षांचं होतं. मेंदू सर्वांत वेगानं घडत असतो तो याच काळात. ही वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून सगळा खटाटोप करायचा.

काय पाहायचं? वर्षाचं झालेलं मूल नावानं हाक मारली तर वळतं का, हे पहिलं. पुष्कळ आयांना इथं चकवा बसतो. हाकेला न वळणारं तेच मूल पलीकडच्या खोलीत आवडती जाहिरात लागली की धावत येतं. म्हणजे ऐकू तर येतंय, मग हट्टीच असेल, असा समज होतो. तरीही कानांची तपासणी आधी करून घ्यावीच, कारण कमी ऐकू येणाऱ्या मुलाची वागणूकही वरवर अशीच दिसू शकते. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नसणं, दोन वर्षं होऊनही स्वतःहून दोन शब्द न जोडणं, खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसणं, मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून किंचाळणं, रोजची वाट बदलली तर आकांत करणं, खोट्या कपातला खोटा चहा कुणालाही न पाजणं, याही खुणा आहेत. यांपैकी एखादी दिसली म्हणून मूल स्वमग्नच आहे असं कुणी ठरवू नये. पण दोन-चार एकत्र दिसल्या तर थांबूही नये. आणि आलेले शब्द गेले, आधी 'आई', 'पाणी' म्हणणारं मूल गप्प झालं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठावा. मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवं. गप्प बसणारी मुलगी शांत, गुणी म्हणून कौतुकाची होते आणि तपासणीतून निसटते.

बहुतेक खुणांची यादी सरकारनं घराघरांत पोचवलेली आहे. गरोदरपणी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात मूल कोणत्या महिन्यात काय करू लागतं याची चित्रं आहेत, धोक्याच्या खुणाही आहेत. पण ते कार्ड उघडलं जातं ते बहुधा लसीची तारीख बघायला.

'आमच्या गावात असलं काही नाही' हेही सर्रास ऐकू येतं. भारतातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी २०१८ साली 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या पाचांत शेजारचा उत्तर गोवाही होता. स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात एका मुलाच्या आसपास निघालं. त्या हिशेबानं दहा वर्षांखालची चारशे मुलं असलेल्या गावात अशी चार असू शकतात. ती शाळेत 'वेडसर' किंवा 'द्वाड' म्हणून ओळखली जात असतील, नाहीतर घरातच ठेवलेली असतील.

हे मूल असं का झालं, या प्रश्नाचं उत्तर पूर्वी फार क्रूरपणे दिलं गेलं. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञानं १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. पुढची दोन-तीन दशकं मात्र आयांच्या वाट्याला दोषच आला: आई थंड, मायेला कमी, म्हणून मूल असं झालं. १९७७ साली जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसू लागला आणि त्या आरोपाचा पायाच खचला. आज हे पक्कं आहे की स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतली जन्मापासूनची वेगळी तऱ्हा आहे. लसीमुळे ती होते असं सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला. मोबाइलनंही ती होत नाही. मोबाइल फक्त माणसांशी बोलण्याचा वेळ खातो, आणि या मुलांना तर तोच वेळ जास्त हवा असतो.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. घरात मराठी, गल्लीत तमिळ किंवा बंगाली, शाळेत आणखी तिसरी भाषा. अशा घरातलं मूल बोललं नाही की दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो आणि मग त्याच्याशी मराठी बोलणंच बंद होतं. अनेक भाषा कानांवर पडल्यानं स्वमग्नता येत नाही. उलट आजी-आजोबांची भाषा तोडली तर मुलाची बोलायची माणसंच कमी होतात.

देवऋषी, अंगारा, नजर काढणं यांत जाणारे महिने वेगळेच. स्वतःशी डोलणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलात कुणीतरी 'देवाचं काही' शोधतं आणि त्याच्यापुढं नारळ येऊ लागतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं त्यात गुन्हा ठरवलं आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरासाठीची सुरुवात महाराष्ट्रातल्या पालघरला झाली. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासतं. विकासातले अडथळे त्याच्या यादीत आहेत, स्वमग्नताही आहे. शंका असलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी रचना आहे. रचना चांगली, पण एका दिवसात ओळीनं पोरं तपासणाऱ्या डॉक्टरला किडलेले दात दिसतात, पांढुरके डोळे दिसतात, हृदयाचे ठोके ऐकू येतात. स्वमग्नता मात्र स्टेथोस्कोपला सापडत नाही. ती रोज खिचडी वाढणाऱ्या अंगणवाडी सेविकेला दिसते. कोणतं मूल गोल करून बसत नाही, कोणतं नावाला ओ देत नाही, हे तिला तोंडपाठ असतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची जी कार्यपद्धती आणली, तिच्यात पहिली पायरी सेविकेनं मूल ओळखण्याचीच आहे. तिचं प्रशिक्षण मनापासून व्हायला हवं आणि तिच्या शब्दाला वजन मिळायला हवं. या तपासणीतून हमखास सुटतात ती ऊसतोड मजुरांची मुलं. पथक माण किंवा जतच्या गावात येतं तेव्हा मूल कारखान्याच्या हद्दीतल्या कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत असतं, आणि कोपीवर येणारा त्याच्या नावाची नोंद शोधत नाही.

निदान झाल्यावर आईबाप विचारतात, औषध काय? स्वमग्नता घालवणारं औषध नाही. मूळपेशींच्या उपचारासाठी लाखो रुपये घेणारे भेटतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असं सांगून त्याची जाहिरातबाजी व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. खरा उपयोग होतो तो वाचा, खेळ आणि वागणूक यांवरच्या सातत्याच्या कामाचा. हे काम घरातही होतं, याचा चांगला पुरावा गोव्याचाच आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटानं मिळून केलेला, ६५ मुलांचा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठका घेतल्या. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रण करायचं आणि ते तिच्याबरोबर बसून बघायचं, हा गाभा. मुलानं टाकलेला बारीकसा कटाक्ष कुठं सुटला, हे आईला स्वतःलाच दिसू लागतं. ज्यांना ही मदत मिळाली ते पालक मुलाच्या कलानं जास्त घेऊ लागले आणि मुलंही स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. तालुक्याला एक वाचा-उपचारक नसलेल्या आपल्याकडे ही वाट धरण्यासारखी आहे.

कॅनरच्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. त्याच्या वडिलांनी कॅनरला मुलाच्या बारीकसारीक सवयींचं ३३ पानी पत्र पाठवलं होतं. त्या टिपणांवर निदानाची मोठी भिस्त होती. आजच्या पालकांनी डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर टिपलेले मुलाचे दोन-चार प्रसंग न्यावेत, ते याचसाठी. पुढं डोनाल्डला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. त्याला मोजण्याचा नाद, म्हणून शेतकऱ्यानं त्याला मक्याच्या ओळी मोजायला लावल्या आणि मोजता मोजता तो नांगरायला शिकला. मोजमापाच्या वेडापायी त्याला विहीर खोदायला आणि तिची खोली सांगायला लावलं. डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, जग फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना आयुष्यभर सोबत लागते.

त्या सोबतीची कायदेशीर बाजूही लवकर समजून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. भारतीय मुलांसाठी बनवलेल्या चाळीस प्रश्नांच्या मोजपट्टीवर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, त्यावर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क सांगता येतो. 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्या समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते.